पूर्णेच्या काठी समुद्राचा तळ : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

समुद्री मत्स्यालयाची टाकी आली. लांबी ९० सेंमी, रुंदी ४५, उंची ४५, काच १० मिमी. अकोल्यात बांधून घेतली आणि कापूस खाली करून परतणाऱ्या गाडीत रिकाम्या बोऱ्यांच्या थप्पीवर ठेवून गावात आणली. मोटार वायंडिंगच्या माझ्या दुकानामागच्या खोलीत अँगलचा स्टँड आधीच वेल्डिंग करून ठेवला होता. त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. साधं पाणी भरून ठेवलंय. दोन दिवस गळती पाहायची.

मोटार उघडली की तार कापायच्या आधी मी वहीत लिहितो : स्लॉट किती, टर्न किती, तार कोणत्या गेजची. जुनी तार एकदा उपसली की आठवणीवर काम चालत नाही. टाकीच्या तळाचंही तसंच आहे. वर खडक, पाणी आणि जीव आले की तळ बदलायचा म्हणजे अख्खी टाकी उपसायची. म्हणून त्याच वहीची मागची पानं या कामाला लावली.

११ नोव्हेंबर

माय खोलीत आली, टाकीकडे पाहिलं, मिठाच्या बादलीकडे पाहिलं. "आपल्या बोअरले काय कमी खारं पाणी हाय? पैसे देऊन मीठ कायले आनतं रे?"

प्रश्न बरोबर आहे. आम्ही खारपाणपट्ट्यातले. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मीटर लावून दाखवला : आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, २,३०० च्या आसपास. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५,००० च्या घरात. आपलं पाणी तोंडाला खारं लागतं, पण समुद्राच्या पंधराव्या हिश्श्याएवढंच. शिवाय क्षारांचा मेळ वेगळा. समुद्रात कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर आणि मॅग्नेशियम त्याच्या तिप्पट. आपल्या बोअरमध्ये सोडा जास्त. दुकानावर येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं लोणारचं पाणी आणायचं सुचवलं. ते तर सोड्याचंच सरोवर, पीएच दहाच्या वर. समुद्रातला मासा त्यात तासभरही टिकायचा नाही.

मायला पटलं. पण तिच्या बोलण्यानं एक गोष्ट डोक्यात बसली. पाणी इथलं चालणार नाही, ठीक. तळ इथला चालेल का? रेती आहे, चुनखडी आहे, नदी आहे. नुसत्या ऐकीव गोष्टीवर नाही म्हणायचं नाही आणि हो पण म्हणायचं नाही.

१३ नोव्हेंबर

गळती नाही. टाकी रिकामी केली.

आधी हे ठरवलं की या टाकीत राहणार कोण. तळ हा गालिचा नाही. काहींचं ते घर आहे, काहींचं शेत. मुंबईत वायंडिंग शिकत होतो तेव्हा एका ओळखीच्या माणसाच्या टाकीत पाहिलेली जोडी मला अजून विसरता येत नाही : पिस्टल झिंगा आणि वॉचमन गोबी. झिंग्याला जवळजवळ दिसत नाही. तो दिवसभर बीळ खणतो, रेती बाहेर ढकलतो. मासा बिळाच्या तोंडाशी बसून राखण करतो. झिंगा बाहेर आला की त्याची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि दोघंही आत. दोन वेगळ्या जातींचे जीव एका घरात नांदतात. हे आमच्या गावातल्या पोरांना दिसावं, यासाठी हा सगळा खटाटोप. इथल्या बहुतेक पोरांनी समुद्र पाहिलेला नाही.

लेकीला सांगितलं तर तिनं लगेच विचारलं, "बाबा, थो झिंगा आंधळा हाय त मंग त्याले घर कसं सापडते?" मिशीचं सांगितलं. रात्री जेवताना ती डोळे मिटून, एक बोट आजीच्या दंडाला टेकवून बसली होती.

टणक प्रवाळ ठेवणार नाही. २००१ पासून आपल्या देशात ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. रचना रीफची, म्हणजे प्रवाळखडकाचीच राहील : सिरॅमिकचे कोरडे खडक, त्यांवर पुढे चढणारं गुलाबी चुनेरी शेवाळ, गोगलगायी, झिंगे आणि दोनतीन मासे.

१५ नोव्हेंबर

नमुने गोळा केले. पूर्णेच्या पात्रातली रेती. भंडाऱ्याच्या आतेभावानं आणून दिलेली वैनगंगेची रेती. आमच्याच काळ्या शेतात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे. वणीकडची चुनखडी, कुटून. आणि मुंबईहून मागवलेली अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका प्रकारची, अर्धा किलो रेती.

पहिली परीक्षा व्हिनेगरची. चमचाभर नमुना वाटीत, वर व्हिनेगर. फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट. वैनगंगेची रेती शांत, ती गारगोटीची. पूर्णेची इथेतिथे बुडबुडली, कारण तिच्यात चुन्याचे बारके कण आहेत. शेतातले खडे खूप फसफसले आणि वाटीत चिखल झाला. वणीची चुनखडी सावकाश, पण शेवटपर्यंत. अ‍ॅरागोनाइट जोरात.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. जुन्या स्पीकरचं चुंबक कागदात गुंडाळून रेतीवरून फिरवलं. पूर्णेच्या रेतीतून काळ्या कणांची दाढी लोंबली. आपला सगळा पठारी दगड काळा बेसाल्ट. त्यातलं मॅग्नेटाइट नदीत उतरतं. हे कण पाण्यात विरघळून विष होतील असं नाही. त्रास वेगळा आहे. टाकीची काच आतून चुंबकी घासणीनं पुसतात. एक कण जरी घासणीला चिकटला तरी काचेवर ओरखडा, आणि तो ओरखडा कायमचा. वैनगंगेच्या रेतीतही थोडे निघाले, पूर्णेच्या मानानं फारच कमी.

१७ नोव्हेंबर

एका विक्रेत्यानं फोनवर "कोरल रेती" निम्म्या भावात देतो म्हटलं आणि फोटो पाठवले. फोटो मोठा करून पाहिला. तुकड्यांवर ताऱ्यासारख्या खाचा स्पष्ट दिसतात. प्रत्येक खाचेत एकेकाळी एक जीव बसलेला होता. हे किनाऱ्यावरून उचललेलं प्रवाळ आहे. व्हिनेगर इथे काही सांगणार नाही, प्रवाळही फसफसतं आणि साधी अ‍ॅरागोनाइट रेतीही. ओळख डोळ्यांनीच पटते. नाही म्हणून कळवलं. समुद्र दाखवायला निघालो आणि समुद्रच फोडून आणला, असं मला करायचं नाही.

बहामा बेटांजवळची ऊलाइट रेती वेगळी. उथळ, कोमट, हलत्या पाण्यात एखाद्या कणाभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे थरावर थर चढत जातात आणि साबुदाण्यासारखा गोल दाणा तयार होतो, पण साबुदाण्यापेक्षा कितीतरी बारीक. त्यासाठी प्रवाळ मोडावं लागत नाही.

२० नोव्हेंबर

लोणच्याच्या सहा बरण्या धुऊन घेतल्या. पाच नमुने शंभर-शंभर ग्रॅम, सहाव्या बरणीत नुसतं पाणी. प्रत्येकीत अर्धा लिटर खारं पाणी : आरओ आणि डीआय (आरओनंतर उरलेले क्षार काढणारा फिल्टर) करून टीडीएस शून्यावर आणलेल्या पाण्यात सागरी मीठ, क्षारता ३५. सगळ्यांत हवेची नळी. सुरुवातीला पीएच ८.२, केएच (पीएच टिकवून धरणाऱ्या कार्बोनेटचं माप) ८, फॉस्फेट (शेवाळाचं खत) शून्य.

आरओमधून वाया जाणारं पाणी बोअरपेक्षाही खारं निघतं, झाडाला घालता येत नाही. ते एका ड्रमात साठवतोय. मोटारींचे चिखलानं भरलेले बॉडी-कव्हर धुवायला आणि रेतीच्या पहिल्या धुलाईला कामी येईल. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पाणी नुसतं मोरीत सोडून देणं मला जमणार नाही.

२२ नोव्हेंबर

शेजारच्या शेतात तुरीवर अळीची फवारणी चालू. खिडकी बंद केली. एअर पंप खिडकीत होता, तो खोलीच्या आतल्या भिंतीवर घेतला, कारण पंप जी हवा ओढतो तीच पाण्यात जाते. कीटकनाशक किड्यांसाठी बनवलेलं असतं आणि झिंगा हा किड्यांचा जवळचा नातेवाईक. माशाला सोसेल तेवढ्या मात्रेत झिंगा मरतो. नियम लिहून दारावर लावला : फवारणी करून आलेल्यानं, मीसुद्धा, अंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही.

२४ नोव्हेंबर

आता जाडी. इथे माझं मन पहिल्यापासून खोल तळाकडे ओढत होतं.

कारण सांगतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट तिथेच साचतं. पण रेतीचा थर जाड असेल तर खाली प्राणवायू पोचत नाही आणि तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात. उरतो नायट्रोजन वायू, तो बुडबुडा होऊन निघून जातो. मोनॅकोत जाँ जोबेर यांनी रेतीच्या खाली पाण्याची मोकळी पोकळी ठेवून ही पद्धत उभी केली. पुढे अमेरिकेत रॉन शिमेक यांनी पोकळीशिवायच, अगदी बारीक रेतीचा दहा सेंमी किंवा त्याहून जाड थर आणि त्यात असंख्य किडे-कृमी, असा खोल तळ लोकप्रिय केला. वाचताना वाटतं, हे तर शेतच आहे. मशागत किडे करतात, आपण फक्त वरून पाहायचं.

हिशेब केला. तळाचं क्षेत्र ९० गुणिले ४५ म्हणजे ४,०५० चौरस सेंमी. १२ सेंमी थर म्हणजे साडेअठ्ठेचाळीस लिटर रेती. लिटरचं माप भरून वजन केलं तर १.४ किलो आलं. म्हणजे ६८ किलो. पैशांचं पुढे पाहू, पण ४५ सेंमीच्या टाकीतले १२ रेतीतच गेले.

तरी नुसत्या हिशेबावर सोडवत नव्हतं. उंच काचेच्या बरणीत बारीक अ‍ॅरागोनाइट १२ सेंमी भरलं, वर खारं पाणी, चिमूटभर माशाचं खाणं, हवेची नळी. बघू.

एक गोष्ट लिहून ठेवतो, पुढे कोणाला उपयोगी पडेल. परदेशी शौकीन "साखरेएवढी रेती" म्हणतात. आपल्या किराणातली साखर बरीच जाड असते. त्यांच्या म्हणण्यातला दाणा आपल्या रव्याएवढा, साधारण अर्धा मिमी. मी साखर समोर ठेवून रेती मागवली असती तर दुप्पट जाड आली असती. घरातल्या चाळण्या यासाठी उत्तम : मैद्याची, रव्याची आणि गव्हाची. आईची रव्याची चाळणी घेतली आहे, नवी आणून द्यायची आहे.

१ डिसेंबर

काल संध्याकाळी डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. गाव अंधारात. दुकानात इन्व्हर्टर आहे, पण बरण्या त्यावर नव्हत्या.

३ डिसेंबर

दुपारी नवी डीपी बसली. जवळपास ६८ तास गेले. बरण्या उघडल्या.

नमुन्यांच्या सहाही बरण्या ठीक. खोल तळाची बरणी उघडताच सडक्या अंड्याचा वास आला. काचेला लागून खालच्या भागात काळे डाग पडलेत. प्राणवायू संपला, नायट्रेट संपलं, मग जिवाणूंनी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरायला घेतलं आणि हायड्रोजन सल्फाइड तयार झाला. लोहाशी मिळून तोच काळा पडतो. वाटाण्याएवढी जागा काडीनं ढवळली तर वास खोलीभर.

न्यायानं लिहायला हवं. बरणी म्हणजे टाकी नव्हे. बरणीत किडे नव्हते, खाणं मी जरा जास्तच टाकलं होतं आणि वास खाली असला तरी वर निरोगी असलेले खोल तळ जगात वर्षानुवर्षं चालले आहेत. ज्याच्या घरी वीज जात नाही त्यानं जरूर करावा. पण इथे डीपी जळते, आणि मृग लागला की दर वादळात लाइन पडते. पंप थांबला की रेतीतले कोट्यवधी जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातच राहतात. समुद्राच्या पाण्यात मुळातच तो कमी मुरतो : २६ अंशाला गोड्या पाण्यात लिटरला आठेक मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. जेवढा थर जाड, तेवढी खाणारी तोंडं जास्त. त्यातून माझा झिंगा खणणारा. तो नेमका त्या काळ्या थरात जाणार.

खोल तळ रद्द. ओढ होती, म्हणून वाईट वाटलं. नायट्रेटसाठी पाणी बदलत राहीन, दर पंधरा दिवसांनी.

४ डिसेंबर

दोन आठवडे झाले, बरण्यांची तपासणी केली.

शेतातले चुनखडे : पाणी अजून गढूळ, फॉस्फेटचा रंग सगळ्यांत गडद. वर्षानुवर्षं डीएपी खत टाकलेल्या मातीतून आलेले खडे आहेत, दुसरं काय होणार. बाद.

पूर्णेची रेती : गाळ खूप, फॉस्फेट थोडं, वर लोहकण. बाद.

वणीची चुनखडी : पाणी स्वच्छ, फॉस्फेट नाही. ही चुनखडी इतकी जुनी आहे की ती तळाशी बसत होती तेव्हा पृथ्वीवर प्रवाळ जन्मालाही आले नव्हते. हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. पण कुटल्यामुळे प्रत्येक कण धारदार. झिंग्याचं, गोगलगायीचं मऊ अंग यावर घासणार.

वैनगंगेची रेती : काहीच बदल नाही. गारगोटीच्या रेतीतून सिलिकेट सुटतं आणि तपकिरी शेवाळ माजतं, अशी तिची बदनामी आहे. गारगोटी पाण्यात जवळपास विरघळतच नाही. या भीतीत फारसा अर्थ दिसत नाही. पैसे अगदीच नसते तर चुंबक फिरवून, चाळून हीच टाकली असती.

अ‍ॅरागोनाइट : पाणी स्वच्छ, फॉस्फेट नाही. आणि केएच आठच. हे महत्त्वाचं. "अ‍ॅरागोनाइट टाकलं की पीएच आपोआप सांभाळला जातो" असं सगळीकडे सांगतात. ८.२ पीएचच्या पाण्यात ते विरघळतच नाही, तर सांभाळणार काय?

मग सोडा वॉटर आणलं. तीन बरण्यांत (वैनगंगा, वणी, अ‍ॅरागोनाइट) मोजून थोडं थोडं घातलं, पीएच सातच्या खाली आणला आणि झाकणं घट्ट लावली.

९ डिसेंबर

सोड्याच्या बरण्या. वैनगंगेच्या बरणीत सोड्यामुळे पाणी जेवढं पातळ झालं तेवढाच केएच उतरला. वणीची चुनखडी : साडेनऊ. अ‍ॅरागोनाइट : अकरा.

रसायन एकच, कॅल्शियम कार्बोनेट. पण स्फटिकाची बांधणी वेगळी. चुनखडीतलं कॅल्साइट घट्ट बांधलेलं, अ‍ॅरागोनाइट त्यामानानं लवकर सुटतं. म्हणजे वरच्या पाण्यात त्याचा काही उपयोग नाही, पण रेतीच्या आत, जिथे जिवाणूंच्या श्वासानं पीएच खाली येतो, तिथे ते हळूहळू विरघळून कॅल्शियम परत देतं. थोडंच देतं. त्यावर टाकी चालत नाही. पण दाणे गोल आहेत, मऊ आहेत, स्वच्छ आहेत. ठरलं.

एक ते दीड मिमीच्या दाण्याच्या नऊ-नऊ किलोच्या दोन पिशव्या मागवल्या. एका ५ एचपी मोटारीच्या वायंडिंगएवढे पैसे गेले.

अठरा किलो म्हणजे तेरा लिटरच्या आसपास. खडकांनी तळाचा पाचवा हिस्सा व्यापला तर उरलेल्या जागेत चार सेंमी थर बसेल.

१२ डिसेंबर

अडचण. नुसत्या एकसारख्या गोल दाण्यात बीळ उभं राहत नाही. ज्वारीच्या राशीत बोट घालून काढा, भोक लगेच बुजतं. झिंग्याला छपराला आणि भिंतीला मोठे तुकडे लागतात, मग फटींत तो बारीक रेती भरतो. जाणकार यासाठी रेतीत प्रवाळाचे तुकडे मिसळतात. ते तर मी घेणार नाही.

१४ डिसेंबर

पूर्णेवर गेलो होतो, एका सबमर्सिबलच्या कामाला. काम झाल्यावर काठावर भोई काकाजींच्या झोपडीजवळ बसलो. जाळ्यांच्या बाजूला शिंपल्यांचा ढीग, उन्हानं पांढरा पडलेला. एक उचलून फोडला. आतून मोत्यासारखी झाक.

नदीतला हा शिंपला आपलं कवच अ‍ॅरागोनाइटचंच बनवतो. पुस्तकात वाचलेलं होतं, पण ढिगाजवळ बसेपर्यंत सुचलं नव्हतं. एक महिना मी जे मुंबईहून मागवत होतो ते आमची नदीही बनवते.

"काकाजी, या शिंपा नेऊ का?"

"घेऊन जा ना बाप्पा. इथं कोन पुसते त्याईले? पन जित्त्या नको उचलू."

जिवंत एकही घेतला नाही. जुनेच, रिकामे, चार किलो.

१५ ते २१ डिसेंबर

शिंपल्यांचं काम. बाहेरची तपकिरी साल सेंद्रिय असते, ती राहिली तर पाण्यात कुजते. आधी उकळले, मग ब्लीचिंगच्या पाण्यात चार दिवस. साल सुटली ती ब्रशनं घासून काढली. दोनदा धुऊन गच्चीवर उन्हात. क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावर पोत्यात घालून हातोडीनं फोडले. धारदार कडा राहू नयेत म्हणून तुकडे रेती-पाण्यासोबत जुन्या डब्यात भरून, लेथवर सावकाश दोन तास फिरवले. नदी जे करते तेच, जरा घाईनं. निघाले तेव्हा कडा बोटाला लागत नव्हत्या. ५ ते २० मिमीचे तुकडे चाळून ठेवले : दीड किलो.

बरणीत परीक्षा लावली. आठ दिवस थांबणार. वापरायची घाई झालीय, पण थांबणार.

२९ डिसेंबर

शिंपल्यांची बरणी : फॉस्फेट शून्य, पाणी काचेसारखं. चुंबकाला काही नाही. पास.

३० डिसेंबर

तळ टाकला.

क्रम असा. आधी काचेवर प्लास्टिकची जाळी, तिच्यावर खडक, थेट तळावर टेकलेले. रेतीवर खडक ठेवले आणि झिंग्यानं खालून खणलं तर अख्खा ढीग त्याच्यावरच कोसळेल. हलवून पाहिले, हलत नाहीत. मग रेती. पहिली धुलाई ड्रमातल्या वाया पाण्यानं, शेवटची आरओच्या पाण्यानं, बादलीत हात फिरवत, वरचं पांढरं पाणी ओतत, सात वेळा. पिशवीवर "धुण्याची गरज नाही" लिहिलं होतं. पहिल्या बादलीचं पाणी ताकासारखं होतं.

पुढच्या काचेजवळ तीन सेंमी, मागच्या डाव्या कोपऱ्यात खडकाच्या कडेला सहा. शिंपल्यांचे तुकडे फक्त त्या कोपऱ्यात मिसळले. नंतर ताटली ठेवून तिच्यावर पाणी सोडलं, १४० लिटर, मीठ सव्वापाच किलो. तरीही गढूळ. लेकीनं विचारलं, "समुद्र असा दुधाचा असते काय?" उद्यापर्यंत थांब म्हटलं.

१ जानेवारी २०२५

निवळलं. तापमान २५, क्षारता ३५. वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप, इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडला. आठ वॅटच खातो, दोन दिवस सहज निघतील.

वेव्हमेकरच्या समोरची रेती उडून काच उघडी पडली. तोंड वर, पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवलं. तरीही कोपऱ्यात खळगा पडतो. ऊलाइटसारखी बारीक रेती असती तर आतापर्यंत सगळी एका बाजूला ढिगानं लागली असती. जाड दाणा घेतला ते बरं झालं.

३ जानेवारी

मुंबईहून ओळखीच्या माणसाच्या चालू टाकीतली मूठभर ओली रेती विदर्भ एक्स्प्रेसनं आली. पहाटे स्टेशनवर जाऊन घेतली. तिच्यात जिवाणू आहेत; दह्याचं विरजण लावावं तशी तळावर पसरली. अमोनियम क्लोराइडनं अमोनिया २ पीपीएम केला. मासा घालून जिवाणू वाढवायची रीत आहे, ती क्रूर वाटते.

१९ जानेवारी

अमोनिया शून्य, नायट्राइट अजून आहे. सगळ्या तळावर तपकिरी थर चढला आहे. दुकानात येणारे विचारतात, रेती गंजली का? हे डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ. नव्या टाकीत बहुतेकांना भेटतात आणि खाऊ संपला की जातात. रेती ढवळणार नाही.

२८ जानेवारी

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. तिसरा हिस्सा पाणी बदललं.

शिंपल्यांचे तुकडे, रेतीत पुरलेले होते, ते बहुतेक वर आलेत. चिवड्याच्या डब्यात जसा चुरा तळाशी जातो आणि मोठे तुकडे वर राहतात, तसंच. वेव्हमेकरच्या थरथरीनं बारीक दाणे फटींतून खाली उतरतात. पुन्हा पुरले नाहीत. ज्याचं घर आहे तो उचलेल.

४ फेब्रुवारी

गोगलगायी आल्या : चार नासारियस, सहा सेरिथ. दोन तास थेंबाथेंबानं पाणी बदलत सवय लावली. नासारियस सोडल्या तशा रेतीत घुसून नाहीशा झाल्या. लेक रडवेली झाली. चिमूटभर खाणं टाकलं तर चार सोंडा रेतीतून वर आल्या आणि मागून गोगलगायी. ती टाळ्या वाजवत आजीला बोलवायला पळाली.

१६ फेब्रुवारी

तपकिरी थर अर्ध्याहून कमी झाला. काचेला लागून रेतीत केसाएवढे बोगदे दिसतात. मूठभर विरजणात कृमी आले असणार. भिंग घेऊन बराच वेळ पाहत होतो, दुकानात गिऱ्हाईक उभं होतं ते कळलं नाही.

२ मार्च

जोडी आली. पिवळा गोबी बोटाएवढा, झिंगा त्याहून लहान. पहाटे गाडीवरून उतरवून घेतलं. पिशव्यांचं तापमान २३, टाकीचं २६. अडीच तास लावले. दोघांना मागच्या डाव्या कोपऱ्याजवळ सोडलं. झिंगा खडकाखाली गेला. गोबी उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला, अगदी दुसऱ्या टोकाला.

रात्री खोलीतून काच तडकल्यासारखा आवाज आला. धावत गेलो, टॉर्च मारून चारही कडा हातानं चाचपल्या. कोरड्या. झिंग्यानं नांगी वाजवली होती.

५ मार्च

अजून वेगवेगळे. गोबी खात नाही. दुपारी बाहेर ऊन चढतंय, पाणी २७ वर. पंखा पाण्यावरून लावला, हवा कोरडी असल्यानं दीड अंश उतरलं. बाष्प झालेलं पाणी रोज आरओनं भरतोय.

९ मार्च

सकाळी मायनं उठवलं. ती चहा घेऊन पूजेच्या आधी टाकीजवळ बसते, हे मला माहीत नव्हतं.

"ये, पाह्य. त्यानं दार बसोलं."

मागच्या डाव्या कोपऱ्यात, खडकाच्या कडेला, पूर्णेतल्या शिंपल्याचा एक तुकडा आडवा टेकवलेला आहे, चौकटीवरच्या तुळईसारखा. दोन उभे, बाजूंना. फटींत रेती ठासलेली. आत अंधार. गोबी तोंडाशी बसला होता. झिंगा नांगरासारखी रेती ढकलत बाहेर आला, एक मिशी माशाच्या शेपटीवर, ढीग टाकला, परत आत गेला. पुन्हा आला. बाहेर पडलेली रेती पांढरी आहे, काळी नाही, वास नाही.

माय म्हणाली, "शिंप आपल्या नदीचीच हाय ना?"

हो म्हटलं. लेकीला उठवायला गेलो.